कुजबुजताईची पाचवी चक्कर

पडदा वर जातो. समोर दिवाणखाना, तीन खुर्च्या, खिडकीबाहेर कापडावर रंगवलेली टेकडी. तिकीट काढून आलेल्या माणसाने एवढंच पाहावं अशी सगळी व्यवस्था. आज मात्र तुम्ही माझा हात धरा आणि डावीकडच्या विंगेत या. जपून, पायाखाली वायर आहे. इथे काळ्या पडद्याआड एक तिपाई दिसेल. शेजारी खिळ्याला टांगलेला दिवा. त्याचा उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून बिस्किटांच्या डब्याचं झाकण अर्धं कापून त्याला लावलं आहे. दिव्याखाली वही, वहीवर पेन्सिल, आणि पेन्सिलीमागे चष्मा लावलेली, केस घट्ट बांधलेली एक बाई. प्रयोग संपल्यावर आम्ही सगळे नट प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायला पुढे जायचो. ही कधी आली नाही. तोवर तिची दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची पेन्सिल टोक करून झालेली असायची.

तिला आम्ही कुजबुजताई म्हणायचो. अठ्ठावीस वर्षं ती आमच्या मंडळीची प्रॉम्प्टर होती. मी त्याच मंडळीत म्हाताऱ्यांची कामं करायचो. तिशीपासून दाढी चिकटवून खोकत होतो, म्हणून माझं नाव 'आजोबा' पडलं. आता दाढी खरी आहे, खोकलाही खरा आहे, आणि बघायला कुणी नाही.

प्रॉम्प्टर म्हणजे नट विसरला की आतून ओरडून सांगणारा माणूस, असं लोकांना वाटतं. ताईची रीत निराळी होती. नट अडणार हे तिला त्याच्या मानेवरून आधी कळायचं. मग ती फक्त श्वास घ्यायची, बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस घेतो तसा. विंगेतला तो श्वास कानावर आला की दहांतून आठ वेळा वाक्य आपोआप सापडायचं. नाही सापडलं तर पहिलं अक्षर. तेही पुरलं नाही तर पूर्ण वाक्य, पण कोरडं. त्यात राग नाही, रडू नाही, काही नाही.

एकदा मी तिला म्हटलं, "ताई, बाप मेल्याचं वाक्य आहे आणि तू वाण्याची यादी वाचल्यासारखं सांगतेस!"

"मग काय करू? मी रडून सांगितलं तर माझं रडणं तू तसंच उचलशील. आळशी आहेस तू, आजोबा. प्रॉम्प्टरने अभिनय करायचा नसतो. आम्ही शिधा द्यायचा, रांधायचं तुम्ही."

हा नियम तिने अठ्ठावीस वर्षांत चार वेळा मोडला. चारही वेळा दादासाठी.

दादा म्हणजे आमचा नायक. उंचापुरा, भरदार आवाजाचा. 'पाठांतराचा राजा' असं वर्तमानपत्रांत त्याच्याबद्दल छापून यायचं आणि ते कात्रण तो रंगपटातल्या आरशाच्या कडेला खोचून ठेवायचा. खरं सांगायचं तर त्याचं पाठांतर म्हणजे चाळणीतलं पाणी. राज्य सगळं ताईच्या श्वासावर चाललेलं. ती जे देईल ते तो बोलायचा. कानातून थेट तोंडात असा सरळ रस्ता होता, मध्ये डोक्याचा थांबा नव्हता. ताईने त्याला भाऊ मानलं होतं. तोही चारचौघांत म्हणायचा, "माझ्या पाठीवर नव्हे, पाठांतरावर हात असलेली बहीण आहे ही."

पहिली वेळ मला लख्ख आठवते. दुसऱ्या अंकात दादाचं डोकं पार कोरं झालं. ताईने श्वास दिला, अक्षर दिलं, वाक्य तीनदा दिलं. हा नुसता टेकडीकडे बघत उभा. प्रेक्षागृहात खुसपुस सुरू झाली. तेव्हा ताईने वही शांतपणे मिटली, दिवा बाजूला केला, उभी राहिली आणि "आई गं!" म्हणून तिपाईसकट अशी धाडकन पडली, की पत्र्याचं झाकण खणखणत दहाव्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पडदा पाडला. व्यवस्थापकाने बाहेर सांगितलं, आमच्या एका सहकारी बाईंना चक्कर आली आहे, दहा मिनिटं द्यावीत. ती दहा मिनिटं दादा आणि ताई रंगपटात गुडघ्याला गुडघा लावून वाक्यं घोकत होते. पडदा पुन्हा वर गेला तेव्हा आधी दादाने पुढे होऊन सांगितलं, "आमच्या ताई आता बऱ्या आहेत." काय टाळ्या पडल्या! विसरणारा तो, पडणारी ती, आणि मन मोठं ठरलं त्याचं.

पुढे आणखी तीनदा हेच झालं. मंडळीत ती थट्टाच होऊन बसली. तिसरी घंटा व्हायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, "ताई, आज चक्कर आहे का?"

"दादाने पुस्तक उघडलंय का ते बघून सांगते," ताई म्हणायची.

बाहेर कुणालाही हे ठाऊक नव्हतं. ताईने आपल्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. "विंगेतलं विंगेत," असं तिचं होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईच्या अंगावर काटा यायला लागला. थंडी नसताना, कारण नसताना, डाव्या हातावर सर्रकन काटा यायचा आणि पोटातून गरम लाट वर चढायची. मग झटके सुरू झाले. डाव्या बाजूचं तोंड वाकडं व्हायचं, त्याच क्षणी डावा हात आखडून वर जायचा. दोन-तीन सेकंद. मग सगळं जिथल्या तिथे. पहिल्यांदा वही पडली, तेव्हा तिने उचलली. दिवसातून पाच वेळा पडायला लागली, तेव्हा तिने ती सुतळीने तिपाईला बांधली.

आम्ही काय केलं? हसलो. कुणीतरी म्हणालं, "चक्कर जुनी झाली वाटतं, ताई नवीन नंबर बसवतेय." मीही हसलो. आयुष्यभर खोटं बघितलेल्या डोळ्यांची ही खोड असते. समोर खरं पडलं तरी ते आधी विचारतात, कुणी बसवलंय हे?

मग वाक्यं निसटायला लागली. अकरा नाटकं पाठ असलेली बाई ती. पानावर बोट ठेवूनही ओळ चुकायला लागली. दोनदा ती मला म्हणाली, "आजोबा, माझ्या डोक्यात कुणीतरी पानं उलटीसुलटी लावतंय रे." मी म्हटलं, "वय झालं, ताई." तिशीपासून मी म्हाताऱ्याचं तोंड करून सल्ले देत आलो होतो. हा त्यातला सर्वांत वाईट.

त्या शनिवारी दुपारचा प्रयोग होता. तिसरा अंक. बाप खाटेवर मरून पडलेला, म्हणजे मी. दादा पायाशी बसलेला. घरभर शांतता. वाक्य त्याचं होतं, आणि नेहमीप्रमाणे त्याला ते येत नव्हतं. मी मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत होतो. विंगेतून श्वास आला. मग बराच वेळ काही नाही. मग ताईचा कोरडा आवाज आला. वाक्य आलं ते भलत्याच नाटकातलं. आणि दादाचा कान ते तोंड रस्ता मोकळाच! त्याने माझ्या छातीवर हात ठेवला, गळा भरून आणला आणि म्हणाला, "चहा टाका, पाहुणे आलेत!"

प्रेक्षागृह कोसळलं. मेलेला मी, माझंही पोट हलत होतं. तेवढ्यात विंगेत धाड आवाज झाला, पत्रा खणखणला आणि पडदा पडला.

आता हे मी शक्य तेवढं सरळ लिहितो. ताई जमिनीवर होती. हात-पाय ताठ, मग सगळं अंग हिसके द्यायला लागलेलं, डोकं फळीवर आपटत होतं. आणि आमच्यातला एकही माणूस खाली वाकला नाही. खुर्च्या हलवणारे तिला ओलांडून गेले. दादा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, पुरे. ऊठ आता. आज चूक तुझी होती, माझी नव्हती. कुणासाठी पडलीस?"

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला. आम्ही जन्मभर रक्त बघितलं ते बाटलीतलं. व्यवस्थापक म्हणाला, "रंगसुद्धा लावलाय!" मग तिचं लुगडं भिजलेलं दिसलं. तेवढं मात्र कुठलाच नट प्रयोगासाठी करत नाही. मी खाली बसलो आणि तिच्या डोक्याखाली हात घातला. दोन मिनिटं तरी गेली होती.

दवाखान्यात मी दाढीसकट गेलो. लेक टपाल कचेरीतून धावत आली. दादाही आला, आणि दादा आला म्हणजे उजेड त्याच्यावर. डॉक्टरांनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली, नर्सेस दारात जमल्या. मेंदूचा फोटो काढला, डोक्याला वायरी लावून लहरी तपासल्या. दोन्हींत काही सापडलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "यापूर्वी असं कधी झालंय?"

दादा म्हणाला, "चार वेळा. अहो, ताई पडते. प्रसंग पाहून पडते. पडल्यावर दहा मिनिटांत ठणठणीत असते."

ताई तोवर शुद्धीवर आली होती. जीभ चावल्यामुळे बोबडं बोलत होती. ती दादाकडे वळली. "दादा, नीट सांग त्यांना. त्या चार चकरा कुणासाठी होत्या? तेवढंच सांग. म्हणजे त्यांना कळेल, ही वेगळी आहे."

सांगायचं म्हणजे कात्रणातला राजा संपला. दारात नर्सेस उभ्या. दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तू आराम कर. त्रास नको करून घेऊस."

ताईने मग माझ्याकडे पाहिलं. मी दाढी उपटत होतो. ती नेमकी तेव्हाच निघत नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की हा त्रास मानसिक आहे, बाईंना लक्ष वेधून घ्यायची सवय आहे. लक्ष! अठ्ठावीस वर्षं जिने दिव्याला पत्रा लावला तिला!

त्या कागदाबरोबर ताई आठ महिने घरी बसली. झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्याने झोप आली. झटके दिवसाला चाळीस-पन्नासवर गेले. तिच्या तिपाईवर तिकीट खिडकीवरच्या बाई बसायला लागल्या. त्या वाक्य इतक्या दणक्यात सांगायच्या की एकदा पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, "हळू हो, आम्हाला दोनदा ऐकावं लागतंय."

मी अधूनमधून जायचो. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी टेबल, टेबलाला सुतळीने बांधलेली तीच वही. एकदा लेक कामावरून थकून आली होती. ताईच्या हातून कप उडाला, फुटला. लेक ओरडली नाही, हळूच म्हणाली. तेच जास्त वाईट झालं.

"आई, तू मुद्दाम तर नाहीस ना गं करत?"

ताई तुकडे गोळा करत होती. "तुला कुणी सांगितलं?"

"दादामामा भेटला होता. म्हणाला, ताईला हे सगळं करता येतं."

ताईने तुकडे केरात टाकले. ती टेबलाशी गेली आणि वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहीत बसली.

ती वही काही दिवसांनी लेकीनेच उघडली. मागच्या कोऱ्या पानांवर ताईने आपल्या रोजच्या दिवसाची प्रॉम्प्टिंगची वही केली होती. "लेक येईल. विचार: दमलीस का? मग चहा. भांडं लाल झाकणाचं. शेजारीण येईल. तिच्या नातवाचं विचार. नाव विचारू नकोस, काल विचारलंस." विसरतेय हे कुणाला कळू नये म्हणून बाई स्वतःची वाक्यं स्वतःला लिहून देत होती. आणि जिथे जिथे झटका आला होता, तिथे पेन्सिलीची रेघ अक्षरातून सुटून तिरकी वर गेली होती. पानापानावर. एकाच बाजूला, एकाच उंचीची, शेकडो रेघा. ताईने प्रत्येकीशेजारी वेळ टाकली होती.

लेक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. वही टेबलावर आपटून म्हणाली, "आजोबा, ही वही आईने कुणाला दाखवली नव्हती. नाटक करणारी बाई प्रेक्षक नसताना करील का? मला खरं सांगा. त्या चार चकरा काय होत्या?"

तेव्हा मी सांगितलं. आठ महिने उशिरा.

लेकीने दुसरं मोठं रुग्णालय गाठलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, दादाला ओळखत नव्हती, हे आमचं नशीब. तिने जुना कागद पालथा ठेवला आणि स्टूल ओढून ताईसमोर नुसती बसून राहिली. दहा मिनिटं. तेवढ्यात तीन झटके आले.

"तोंड आणि हात, एकाच बाजूचे, एकाच वेळी," ती स्वतःशीच म्हणाली. मग विचारलं, "अंगावर काटा येतो?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत हे विचारणारी ती पहिलीच.

रक्तातलं मीठ कमी निघालं. मग पाठीच्या कण्यातलं पाणी काढून रक्ताबरोबर तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"तुमच्या थिएटरच्या दारावर तिकीट बघणारा माणूस असतो ना?"

"डोअरकीपर," ताई म्हणाली.

"त्याचं काम फुकट्यांना बाहेर ठेवायचं. समजा एक दिवस त्याचं डोकं फिरलं आणि तो रंगपटात शिरून तुमच्याच नटांना फुकटे समजून बखोटीला धरायला लागला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे तो डोअरकीपर. जंतूंवर सोडायची प्रतिपिंडं तिने तुमच्या मेंदूतल्याच एका प्रथिनावर सोडली आहेत. त्यामुळे तिथे दाह होतोय, सूज येतेय, आणि नेमकी आठवणी जिथे साठतात त्या भागात. सुजलेला मेंदू चिडका होतो, ठिणग्या टाकतो. ते तुमचे झटके. आणि मोठ्या फिटा येत राहिल्या की दाह आणखी वाढतो."

लेक म्हणाली, "मग फीटच्या गोळ्या?"

"त्या ठिणग्या थोड्याफार विझवतील. पण आधी डोअरकीपरला आवरायला हवं. फीट येणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत असं नसतं. बहुतेकांचं कारण वेगळं असतं. यांचं हे आहे."

ताईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे घरचाच माणूस."

"हो."

"मला आता सवय झालीय," ताई म्हणाली.

पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, पुढे महिनोन्‌महिने गोळ्या. दुसऱ्या आठवड्यात झटके विरळ झाले, तिसऱ्यात थांबले. पेन्सिलीची रेघ सरळ झाली. पण आठवण सगळी परतली नाही. अकरांपैकी दोन नाटकं उरली. लेकीने विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "सुरुवातीला, नुसते झटके होते तेव्हाच आला असतात, तर पुष्कळ काही वाचलं असतं."

दादाच्या कानावर हे गेलं. मंडळीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तो एका दुपारी फळांची करंडी घेऊन ताईकडे आला. मीही होतो तिथे.

"ताई, तुझा सत्कार करायचाय. भाषण मी करणार. नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणत नाही. पण मी विंगेत बसणार, माझ्या तिपाईवर. आणि भाषणात एक वाक्य हवं. मी लिहून देते."

तिने वहीतलं पान फाडून दिलं. दादाने वाचलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'ताईच्या चारही चकरा माझ्यासाठी होत्या. पाचवी खरी होती, ती मी ओळखली नाही.'

दादाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "एवढंच ना? त्यात काय! बोलतो की."

"तुझ्या लक्षात राहणार नाही."

"तू आहेस ना विंगेत?" दादा हसला. ताईही हसली. त्या हसण्यात मला जुनी ताई दिसली, आणि वाटलं, चला, मिटलं.

कार्यक्रम सकाळी होता. थिएटर भरलेलं. लेक पहिल्या रांगेत, मी विंगेत ताईमागे. तोच दिवा, तोच पत्रा. दादा बोलायला उभा राहिला. ताईच्या निष्ठेवर बोलला, त्यागावर बोलला. मग म्हणाला, "ताईची तब्येत पहिल्यापासूनच नाजूक. पडायची, उठायची, पण वही सोडली नाही."

ताईने श्वास घेतला.

तो श्वास त्याने ऐकला. मी त्याची मान पाहत होतो. तो पुढे बोलत राहिला, "अशा बहिणी नशिबाने मिळतात."

ताईने पहिलं अक्षर दिलं. दादाने पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला. कागद खिशात होता. हात खिशाकडे गेला नाही.

तेव्हा ताईने पानावर बोट ठेवलं आणि पूर्ण वाक्य दिलं. दहाव्या रांगेपर्यंत नाही, फक्त त्याच्यापुरतं, हिशेबी आवाजात, कोरडं. "ताईच्या चारही चकरा माझ्यासाठी होत्या. पाचवी खरी होती, ती मी ओळखली नाही."

अठ्ठावीस वर्षांचा रस्ता. कान ते तोंड. दादाचे ओठ हलले आणि तो शब्दाशब्दाने ते वाक्य बोलला. पण बोलता बोलता त्याने छातीवर हात ठेवला. 'खरी' या शब्दावर आवाज फोडला, शेवटच्या शब्दावर मान खाली घातली, आणि मान वर आली तेव्हा दोन्ही गालांवर पाणी होतं. असं काम त्याने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

लेक धावत विंगेत आली. रागाने थरथरत होती. "आई, माझ्या शेजारच्या बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, केवढं मोठं मन! आजारी बहिणीला कमीपणा येऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं!"

बाहेर टाळ्या चालूच होत्या. ताईने वही मिटली. सुतळी सोडली. दिव्यावरचं पत्र्याचं झाकण काढून पिशवीत टाकलं, कारण ते तिच्या घरच्या डब्याचं होतं. दिवा मालवला. मी तिला हात द्यायला पुढे झालो. तिने तो धरला, उठली, आणि रंगमंचाकडे न बघता मला म्हणाली,

"वाक्य घेतलंन्, आजोबा. पण मी कोरडं दिलं होतं. त्यात रडायचं कुठे लिहिलं होतं?"